चोवीस मणी तुझे, चोवीस माझे

४ मार्च

प्रिय ताई,

काल तुला फोन केला होता. तू तीनदा "कोण?" असं विचारलंस आणि शेवटी "आज दूध नको" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पोस्टात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला पत्र लिहायचं म्हणजे माझी छाती धडधडते. पत्त्यात चूक झाली तर तू लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवशील.

काम असं आहे. माझं कटिंग मशीन गेलं. तेच, जे आईने कुठल्याशा बाइंडरकडून फुकट मिळवून दिलं होतं. सोळा वर्षं बिचाऱ्याने साथ दिली. परवा कागदाचा गठ्ठा सरकवून हँडल दाबलं, तर हँडल माझ्या हातात आणि पातं जागच्या जागी. वेल्डिंगवाला म्हणतो, ओतीव लोखंड आहे, सांधलं तरी टिकायचं नाही. आणि नेमकं आत्ताच ग्रंथालयाचं काम आलंय, सहाशे पुस्तकं, एप्रिलअखेर द्यायची. कडा सरळ कापल्याशिवाय ग्रंथपाल एकही पुस्तक हातात घेणार नाही. हे काम गेलं तर दुकान बंद करावं लागेल, ताई. हे मी नेहमीसारखं वाढवून सांगत नाहीये.

एकाकडे जुनं पण धडधाकट मशीन आहे. तो ३१ मार्चपर्यंत थांबतो म्हणालाय. मग मी काल आईने वाटून दिलेली दागिन्यांची थैली काढली आणि सराफाकडे गेले. म्हातारे सराफ आता मागच्या खोलीत पेपर वाचत असतात, गल्ल्यावर मुलगा बसतो. त्याच्यासमोर मी सगळं ओतलं. अर्धी माळ, एक जाड बांगडी, एक बारीक बांगडी आणि एकच कानातलं, तेही फासा मोडलेलं. त्याने एकेक वस्तू उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाला, "बाई, चोराने घाईत अर्धंच नेलं का?"

मी म्हटलं, चोर नाही, आमची आई. तिने आम्हा बहिणींना सारखं वाटून दिलंय.

तो म्हणाला, असं अर्धवट दिलंत तर मोडीच्या भावात घेतो. त्यात मशीन सोडा, फार तर मशीनचं पातं येईल. पण दुसरं अर्धं आणलंत तर गोष्ट वेगळी. जुनी घडण आहे, पूर्ण संच घेणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे आहे. मग मशीन येऊन वर चार पैसे उरतील.

आई म्हणाली होती, थैल्या एकमेकींना दाखवायच्या नाहीत, माझ्या मापावर शंका घ्यायची नाही. ते मला पाठ आहे. पण ताई, अकरा वर्षं झाली. अर्ध्या माळेचं आपण करतोय काय? तुझी थैली पाठवशील? तुझा वाटा मी हप्त्याने फेडीन.

तुझी छोटी


८ मार्च

छोटे,

पत्र मिळालं. पत्त्यातला शेवटचा आकडा तुझा नेहमीप्रमाणे एक आहे की सात, हे पोस्टमनने अंदाजाने ठरवलं. फोनमध्ये खरखर आहे. कंपनीला कळवलंय.

थैली मी देणार नाही.

आईने तीस वर्षं वाण्याच्या दुकानात तराजू धरला. घरी आली की तोच हात. साबणाची वडी दोऱ्याने कापून तुला निम्मी, मला निम्मी. खोडरबर ब्लेडने. पेन्सिल मोडून दोन्हीकडे टोक. अशा बाईने जे वाटून दिलं, ते तू सराफाच्या कापडावर ओतलंस. हातात पैसा नव्हता तेव्हाही ती विकायला म्हणून सराफाची पायरी कधी चढली नाही. आईच्या वस्तू विकायच्या नसतात. ठेवायच्या असतात.

आणि तू वाटणीचा विषय काढलासच म्हणून लिहिते. तुझ्या थैलीत जे जास्त आलं, ते मी आजवर मागितलं नाही, त्यावरून कधी टोमणाही मारला नाही. शेंडेफळाला थोडं झुकतं माप मिळायचंच.

मशीनसाठी बँकेत विचार.

ताई


११ मार्च

प्रिय ताई,

झुकतं माप? मला? तुझं पत्र मी जावईबापूंना, म्हणजे तुझ्याच मेहुण्याला वाचून दाखवलं, तर तो पुस्तकाचे फर्मे शिवायचं सोडून हसत बसला. आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे राहिली, त्याबद्दल बोलतेयस का? मग ऐक, त्या दोन वर्षांत तिने माझा चहासुद्धा चमच्याने मोजला. झुकतं माप म्हणे. थोरली म्हणून तुला जे दिलं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढलाय? नाही ना? मग झालं तर.

बँकेत जाऊन आले. साहेब फार गोड बोलले. दुकान भाड्याचं, मशीन मोडकं आणि मालकीणबाई पन्नाशीच्या, हे कळल्यावर आणखी गोड बोलले आणि दारापर्यंत सोडायला आले.

असू दे. तू नाही म्हणालीस, विषय संपला, मी रुसलेली नाही. थोडी रुसले आहे, पण ते शनिवारपर्यंत जाईल. लेकीची तुझ्या गावात १४ तारखेला मुलाखत आहे. एक दिवस तुझ्याकडे राहील. तिला वेळेवर उठव. ती गजराला दाद देत नाही.

तुझी छोटी


१५ मार्च (पार्सलसोबत)

छोटे,

लेक येऊन गेली. मुलाखत बरी झाली म्हणते. गुणाची आहे, जरा पुटपुटते. हल्लीची पोरं तोंड उघडून बोलतच नाहीत.

तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तू लिहिली नव्हतीस. तू पुस्तकांच्या कडा सुरीने आणि लोखंडी पट्टीने कापतेयस. हाताने. सहाशे. डाव्या अंगठ्याला पट्टी आहे आणि उजव्या मनगटाला सूज. हे ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. मी कोण मोठी शहाणी, की बहिणीचा अंगठा जाऊ दे पण थैली राहू दे म्हणणारी?

म्हणून ही थैली. विमा उतरवून, पाच ठिकाणी लाख लावून पाठवते आहे. पोस्टातली नवी मुलगी म्हणाली, "आजी, आत काय आहे?" मी म्हटलं, नियम सत्तेचाळीसप्रमाणे नोंदवलंय, वाच. असा नियम नाही, पण तिने वाचल्यासारखं केलं.

सगळं एकत्र करून सराफाला दे आणि मशीन घे. वर उरेल ते तुझं. माझ्या वाट्याचे हप्ते पाठवलेस तर मी ते "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत पाठवीन.

तुझी ताई


१५ मार्च (पुस्तकासोबत)

प्रिय ताई,

सोबत एक जाडजूड पुस्तक आहे. कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, "वार्षिक पर्जन्यमान". असं पुस्तक कुणीही चोरणार नाही म्हणून हा विषय निवडला. पान तीसपासून पुढची पानं एकमेकांना चिकटवून मधे खोबण पोखरली आहे. आत माझी थैली आहे. ओरडू नकोस, सांगते.

लेक काल रात्रीच्या गाडीने परत आली आणि आज सकाळी माझ्यासमोर बसून रडली. ती तुझ्या दाराशी पंचवीस मिनिटं उभी होती म्हणे. घंटा वाजवली, कडी वाजवली, शेवटी शेजारच्या बाईंनी खिडकीतून काठी आत घालून तुझा पडदा हलवला. चहाचं आधण उकळून भांडं करपलं, ते तुला वासावरून कळलं. टीव्ही तू आवाज बंद करून बघतेस आणि म्हणतेस वीज वाचते. आणि फ्रिजवर, चुंबकाखाली, कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे. यंत्र लागेल म्हणून. तारीख सात महिन्यांपूर्वीची. फोनमध्ये खरखर आहे म्हणे. ताई, तुझी कमाल आहे.

मशीनवाचून मी आणखी एखादा मार्ग काढीन. अंगठे दोन आहेत. तुला रस्ता ओलांडताना मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. दोन्ही थैल्या एक कर, तिथल्या एखाद्या चांगल्या सराफाला पूर्ण संच म्हणून वीक आणि कानाचं यंत्र घे. आई काय म्हणेल ते माझ्या माथी.

तुझी छोटी


१८ मार्च

छोटे,

मी पार्सलच्या खिडकीवर पस्तीस वर्षं बसले. हरवलेली, फुटलेली, उंदरांनी कुरतडलेली, सगळ्या तऱ्हेची पार्सलं पाहिली. पण दोन बहिणींनी एकाच दिवशी एकमेकींना आपापलं अर्धं पाठवावं आणि दोघींकडे पुन्हा अर्धंच राहावं, असा प्रकार बघितला नाही. मी पर्जन्यमान उघडलं, थैली काढली आणि खुर्चीत बसून इतकी हसले की शेजारीण काठी घेऊन आली.

कानाबद्दल. होय, ते खरं आहे. ऑपरेशन करूनही डावा शेवटी गेलाच, उजवा जाण्याच्या बेतात आहे. सांगायचं जिवावर आलं. तुझा आवाज फोनवर येईनासा झाला, तो दिवस मला फार लागला. त्यावर कुणी कीव केलेली मला नको होती.

पण आता एक गोष्ट विचारते आणि सरळ उत्तर हवं. थैलीतले मणी मी मोजले. चोवीस. माझेही चोवीस होते. मधलं पदक कुठे आहे? माळेच्या मधोमध होतं ते, बोराएवढं, लाल खड्याचं. एका पदकाचे दोन तुकडे होत नाहीत, म्हणून आईने ते तुला दिलं असणार, हे मी अकरा वर्षं धरून चालले. शेंडेफळ. मी काही म्हटलं नाही. पण थैली पाठवली असं लिहायचं आणि पदक तेवढं मागे ठेवायचं, हे मला आवडलं नाही. ठेवायचं होतं तर तसं लिहायचंस. मी नाही म्हटलं नसतं.

ताई


२१ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मी खळीचा डबा लवंडला. पदक माझ्याकडे?

तुझं पार्सल आलं तेव्हा लाखेच्या पाच मोहरा फोडून मी आधी तेच शोधलं. चोवीस मणी, जाड बांगडी, वाकलेली बारीक बांगडी, कानातलं. पदक नाही. मी तुझ्यावर इतकी चिडले की तीन दिवस पत्र लिहिलं नाही. म्हटलं, थोरली म्हणून आईने हिला पदक दिलं आणि हिला ते सोडवत नाही, आणि वर मलाच झुकतं माप मिळाल्याचं ऐकवते. अकरा वर्षं मीही धरून चालले होते की ते तुझ्याकडे आहे. तुझ्या निवृत्तीच्या दिवशी तू गळा मोकळा ठेवून आलीस, तर मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून घातलं नाहीस.

म्हणजे अकरा वर्षं आपण दोघी एकमेकींना उदार मनाने माफ करत होतो आणि माफ करण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

मग पदक गेलं कुठे? शेवटी शेवटी आई ती माळ घालायची नाही, आठवतं? "पदक टोचतं, काढून ठेवलंय" म्हणायची. मी उद्या सकाळी म्हाताऱ्या सराफांकडे जाते. मुलाला काही माहीत नाही, पण म्हाताऱ्यांना आईचा एकूण एक दागिना पाठ असणार.

छोटी


२२ मार्च

सन्माननीय ताईंस,

मी आपल्या आईंच्या ओळखीचा सराफ. आपली धाकटी बहीण माझ्यासमोर बसली आहे. ती म्हणते, "मी सांगितलं तर ताई विश्वास ठेवणार नाही, तुमच्या अक्षरात लिहा." हात थरथरतो, अक्षर सांभाळून घ्यावे.

पदक मी विकत घेतले. सोळा वर्षांपूर्वी. आपल्या आई दुकान बंद व्हायच्या वेळी आल्या, पायरीवर दोन वेळा चढल्या, दोन वेळा उतरल्या. तिसऱ्यांदा आत येऊन पदक काढून ठेवले. म्हणाल्या, "याचे दोन भाग होत नाहीत. रोख द्या, म्हणजे होतील." मी वजन केले तर त्यांनी माझा काटा तपासून घेतला. असे गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिले.

पैसे मी दोन सारख्या पाकिटांत घालून दिले. एक पाकीट घेऊन त्या तिथूनच एका बाइंडरकडे गेल्या, जुने कटिंग मशीन घ्यायला, कारण धाकटी दुकान टाकत होती. दुसरे पाकीट थोरलीच्या कानाच्या ऑपरेशनचे. मला म्हणाल्या, मुलींना सांगू नका. धाकटीला सांगेन मशीन फुकट मिळाले. थोरलीला सांगेन डॉक्टर आमच्या वाण्याच्या दुकानाचे गिऱ्हाईक, त्यांनी पैसे घेतले नाहीत. नाहीतर दोघी एकमेकींसाठी नको म्हणतील.

पुढे माळ वाटायची झाली तेव्हा कापायला माझ्याकडेच आल्या. मी नकार दिला. म्हटले, आज विका आणि पैसे वाटा, पदकाचे वाटलेत तसे. त्या म्हणाल्या, "आज मुलींना गरज नाही. गरज लागेल तेव्हा दोघींनी एकत्र येऊन विकावी. एकटीला विकता येऊ नये, म्हणून तर कापते." आणि माझ्याच कात्रीने दोरा कापला.

हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितले नाही का? मला वाटले होते, सांगितले असेल.

आपली बहीण रडते आहे आणि हसतेही आहे. माझा मुलगा घाबरला आहे. आपण लवकर यावे.

आपला,
सराफ (मोठे)


२५ मार्च

छोटे,

म्हाताऱ्या सराफांचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचलं, मला ऐकू येत नाही तरी.

ऑपरेशननंतर त्या कानांनी मला बरीच वर्षं साथ दिली. आणि मी त्या डॉक्टरांना दरवर्षी भेटकार्ड पाठवत होते. फुकट केलं म्हणून. ते दरवर्षी उत्तरात लिहायचे, "आभार, पण कारण कळले नाही." मला वाटायचं, किती नम्र माणूस.

आईने विकलं. आणि पदक नाही हे आपल्याला कळू नये म्हणून थैल्या एकमेकींना दाखवू नका म्हणाली. ती पायरी चढली, आपल्यासाठी. आणि मी तुला तिच्याच नावाने नाही म्हटलं. मला माफ कर. या वेळी खरंच माफ करण्यासारखं घडलंय.

३० तारखेच्या सकाळच्या गाडीने येते, तुझी थैली घेऊन. पार्सलने नाही, स्वतः. स्टेशनवर ये. हाक मारू नकोस, ऐकू येणार नाही. हात हलव.

ताई


९ एप्रिल

प्रिय ताई,

तू गेलीस आणि घर मोकळं वाटतंय. लेकीला नोकरीचं पत्र आलं, ते ती तुला वेगळं लिहीलच. तोंड उघडून.

सराफाच्या कापडावर दोन्ही अर्धी शेजारी ठेवली तेव्हा तू माझा हात किती घट्ट धरलास. अंगठा अजून दुखतो. मला वाटलं होतं, विकताना रडू येईल. पण म्हातारे मागच्या खोलीतून काठी टेकत आले, चष्मा लावला, मणी मोजले आणि मुलाला म्हणाले, "काटा तपासून दाखव यांना, घराण्याची रीत आहे." मग कसलं रडणं. पदक नाही म्हणून गिऱ्हाईकाने थोडं कमी दिलं, तरी मशीन आलं आणि बाकीचं मी तुझ्या पिशवीत कोंबलं. तू ते स्टेशनवर परत माझ्या पिशवीत कोंबलंस, ते मी पाहिलं. तू गाडीत चढताना मी ते पुन्हा तुझ्या डब्यात घातलं, ते तू पाहिलं नाहीस. ते कानाच्या यंत्राचे आहेत. शेरा मारून परत पाठवलेस तर मी पर्जन्यमानाचा दुसरा खंड काढीन.

मशीन छान चालतंय. आज चाळीस पुस्तकं कापली. ग्रंथपालांनी एक कड बोटाने चाचपली आणि लगेच पुढचं पुस्तक मागितलं, म्हणजे खूश आहेत.

छोटी


२८ एप्रिल

प्रिय छोटे,

यंत्र बसवून सहा दिवस झाले. घर एवढी बडबड करतं हे मला माहीत नव्हतं. फ्रिज घुरघुरतो. घड्याळ टिकटिकतं. माझ्या चपला फटफट वाजतात आणि शेजारीण दिवसभर गाते, वाईट गाते. काठी मी तिला परत केली.

काल तुझा फोन आला. पहिल्या घंटेला उचलला. तू सवयीने ओरडलीस, "ताई, मी छोटी बोलतेय", आणि मी यंत्र कानातून उडेल म्हणून रिसीव्हर हातभर लांब धरला. मग तू सांगितलंस की सहाशेपैकी शेवटची वीस पुस्तकं राहिलीत, आणि श्वास घ्यायला थांबलीस. तेवढ्यात मागे तुझ्या मशीनचा आवाज आला. मेहुणे कापत असतील. खच्च, आणि मग कागद पडल्याचा. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. तुझं दुकान होऊन सोळा वर्षं झाली, आणि मी कधी थांबून ऐकलंच नाही.

तू "ताई, आहेस ना?" असं दोनदा विचारलंस. होते. गप्प बसले होते, कारण बोलले असते तर रडले असते, आणि यंत्र भिजू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. हे डॉक्टर पैसे घेतात. मी पावती नीट ठेवली आहे.

दोन्ही थैल्या माझ्याकडेच राहिल्यात, रिकाम्या. एक तुला पाठवते. दोन्ही सारख्याच आहेत, मी मोजून पाहिल्या.

रविवारी फोन कर. हळू बोललीस तरी चालेल.

तुझी ताई